खाच कोणी पाडली?

ॲक्रिलिकच्या चिवटपणाची, म्हणजे भेगेला ते किती दाद देत नाही याची, टेस्ट पंधरा मिनिटांत उरकते. खाच पाडायची, तिच्या टोकाला ब्लेडने बारीक चीर द्यायची, नमुना यूटीएमवर, म्हणजे ओढून तोडणाऱ्या मशीनवर, चढवायचा. टक्कन आवाज येतो, आकडा हातात. पॉलिथिलीन असं तुटतच नाही. चिरेचं टोक बोथट होतं, आजूबाजूचा भाग पांढरा पडतो आणि ओढला जातो. खर्ची पडलेल्या ऊर्जेपैकी भेग पुढे जायला किती लागली आणि नुसती ओढाताण किती, हे मशीनने काढलेल्या बल-विस्थापनाच्या एका आलेखावरून कळत नाही.

ही ओढाताण आवरायला मानक म्हणतं, नमुना जाड घ्या. पॉलिथिलीनचा चिवटपणा 3 मेगापास्कल √मीटर आणि यील्ड ताण 25 मेगापास्कल धरला, तर किमान जाडी येते 36 मिलिमीटर! ॲक्रिलिकला एक मिलिमीटरही पुरतो. दुधाच्या पिशवीची फिल्म इतकी जाड आणायची कुठून?

म्हणून दुसरी वाट. तिची कल्पना ब्रोबर्ग यांची. कॉटरेल आणि रेडेल यांनी ती 1977 मध्ये धातूच्या पत्र्यांवर वापरून दाखवली, पॉलिमरवाल्यांनी ती नंतर उचलली. पट्टीला दोन्ही कडांनी समोरासमोर खाचा पाडायच्या आणि मधला जोड दर नमुन्यात वेगळ्या लांबीचा ठेवायचा. प्रत्येक पट्टी पूर्ण तोडायची, लागलेली ऊर्जा जोडाच्या क्षेत्रफळाने भागायची. बिंदू साधारण एका रेषेवर बसतात. ती रेषा मागे नेत शून्य लांबीपर्यंत न्यायची. तोडायला काही उरलेलंच नाही, तिथला आकडा आपल्याला हवा असतो: ओढाताण वगळून नुसत्या भेगेला लागणारी ऊर्जा. मला यात अजूनही गंमत वाटते.

खरी कसोटी मात्र मशीनच्या आधी, टेबलावर लागते. ब्लेड नुसतं दाबलं तर पात्यापुढचं प्लॅस्टिक चेपतं, चीर बोथट होते आणि आकडा फुगतो. पातं नवं हवं, आणि ते दाबायचं नाही, हलक्या हाताने सरकवत न्यायचं. फेम्टोसेकंद लेसरने पाडलेल्या खाचेवर आकडा आणखी खाली येतो. प्लॅस्टिक तेच, खाच निराळी.

सगळे आलेख मी एकावर एक ठेवून बघतो. जोड लहान-मोठा असला तरी आकार एकच हवा. एखादा वाकडा निघाला की ती पट्टी बाद. कारण बहुधा भिंगाखाली सापडतं: दोन खाचा समोरासमोर नसतात.

बाहेरून येणाऱ्या रिपोर्टांत मशीनचं मॉडेल असतं, कॅलिब्रेशनची तारीख असते, खोलीचं तापमान असतं. खाच कशी पाडली यावर अक्षर नसतं. असा आकडा मी माझ्या तक्त्यात चढवत नाही.