दृश्यांची खातेवही

उधवा हे तलासरी तालुक्यातील, दादरा-नगर हवेलीच्या सीमेजवळचे गाव. पालघर जिल्ह्याच्या या पट्ट्यात वारली समाजाची वस्ती मोठी आहे. भोपळा, बांबू आणि ताडाची पाने यांपासून घडवलेल्या तारप्याच्या सुरावर रात्री नाचणाऱ्यांची साखळी गोल फिरू लागते. हल्ली त्या नाचाचे चित्रण खिशातल्या मोबाईलवर सहज होते. अवघड प्रश्न त्यानंतरचा: ते जपायचे कसे?

या प्रश्नाचे मूळ आकडेमोडीत आहे. १९२० गुणिले १०८० मापाच्या एका चौकटीत २०,७३,६०० बिंदू असतात. प्रत्येक बिंदूच्या रंगासाठी तीन बाइट धरले आणि सेकंदाला पंचवीस चौकटी घेतल्या, तर तासाभराच्या चित्रणाला सुमारे ५६० जीबी जागा लागेल. प्रत्यक्षात ते दोन-तीन जीबीत मावते. ही किमया एन्कोडिंगची.

तिचे तत्त्व जमाखर्च लिहिणाऱ्याला परके वाटणार नाही. रोजच्या पानावर खात्याचा सारा इतिहास पुन्हा कुणी लिहीत नाही. मागील शिल्लक पुढे ओढली जाते आणि त्या दिवसाच्या जमा-नावे नोंदी तेवढ्या होतात. एन्कोडरही एक चौकट पूर्ण लिहितो. पुढच्या चौकटींत केवळ बदल नोंदवतो. मागचा डोंगर स्थिर, म्हणून त्याची नोंद नको; हललेल्या पावलांची मात्र हवी. उरलेला तपशील ज्या गणिताने आवळला जातो, त्याच्या मुळाशी बंगळूरुत जन्मलेले नासिर अहमद आहेत. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांनी ते १९७४ साली प्रसिद्ध केले.

गेल्या वीस वर्षांत या हिशेबात मोठी काटकसर साधली. २००३ मध्ये एच.२६४ आले. २०१३ च्या एच.२६५ ने जवळपास तोच दर्जा साधारण निम्म्या जागेत दिला. २०१८ मध्ये स्वामित्वशुल्काविना वापरता येणारे एव्ही१ आले आणि २०२२ च्या अखेरीस हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमध्येही त्याची सोय झाली. दहा-बिट पद्धतीत प्रत्येक रंगाच्या २५६ ऐवजी १०२४ पायऱ्या मिळतात. त्यामुळे शेकोटीभोवतीच्या अंधारात उमटणारे ओबडधोबड पट्टे कमी होतात. मात्र काटकसरीला वेळ द्यावा लागतो, आणि जुन्या मोबाईलवर एव्ही१ चालेलच असे नाही. वडीलधाऱ्यांना पाठवायची प्रत म्हणूनच आजही एच.२६४ मध्ये करणे सोयीचे.

डहाणू तालुक्यातील गंजाडचे चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले की वारली चित्रात माणूस उभा राहतो. थोडक्यात पुष्कळ सांगण्याची ही रीत एन्कोडिंगची जुनी बहीण वाटावी. फरक एवढाच, की काय वगळावे हे चित्रकार जाणून ठरवतो. यंत्र मात्र सामान्य डोळ्याला जे जाणवणार नाही ते गाळते. अंधाऱ्या कोपऱ्यावर ते फारशी जागा खर्चत नाही, आणि नेमकी तिथेच कुणाची तरी आजी बसलेली असते. यंत्राच्या लेखी तो कोपरा नगण्य. घराच्या लेखी तीच सारी शिल्लक. एकदा गाळलेला तपशील कोणतेही नवे सॉफ्टवेअर परत आणू शकत नाही. ते अंदाजाने रेषा भरील, पण तो चेहरा तिचा नसेल.

म्हणून मूळ फाइल पुसू नये. लहान प्रत पाठवण्यासाठी, मूळ प्रत जपण्यासाठी, हा भेद पाळावा. संदेशातून पाठवलेले चित्रण पुन्हा आवळले जाते, हेही ध्यानात ठेवावे. तीच प्रत साठवून मूळ पुसले, तर ठेव मोडून पावती जपल्यासारखे होते. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी भागाने भूकंपाचे अनेक धक्के सोसले आहेत. घराच्या भिंतींनाच जिथे भरवसा नाही, तिथे एका कपाटातील एका डिस्कवर विसंबणे शहाणपणाचे नव्हे. एक प्रत घरी आणि दुसरी परगावच्या नातलगाकडे असावी. वर्षातून एकदा दोन्ही उघडून पाहाव्यात आणि कोपऱ्यातला तो चेहरा ओळखू येतो ना, याची खात्री करून घ्यावी.