धरसोडीचे दिवे

जी वस्तु पूर्णपणें बिघडली तिच्याविषयीं मनुष्यास निश्चिंत होतां येतें. जी मधूनमधून बिघडते ती मात्र झोंप उडविते. बंद घड्याळावर कोणी विसंबत नाहीं. पण कधीं बरोबर चालणारें व कधीं दहा मिनिटें मागें पडणारें घड्याळ हमखास आगगाडी चुकवितें. आमच्या जुन्या पद्मिनी मोटारीच्या पुढच्या दिव्यांनीं हा सिद्धान्त आम्हांस चांगलाच पढविला.

मुंबईच्या रस्त्यांवरील शेवटची पद्मिनी टॅक्सी 2023 सालीं निवृत्त झाली; तेव्हां आमच्या गाडीस वार्धक्याबद्दल बोल लावणें अन्यायाचें होय. परंतु एका पावसाळी रात्रीं चिपळुणाहून कऱ्हाडास येतांना कुंभार्ली घाटाच्या वळणावर दोन्ही दिवे एकाएकीं गेले, आणि आम्हीं ब्रेक दाबतों न दाबतों तोंच परत आले. अंधार दोन क्षणांचाच, पण एका बाजूस दरी होती. घरीं पोंचल्यावर सौभाग्यवती एवढेंच म्हणाल्या, "अहो, दिवे तरी नीट करा, नाहीं तर गाडी तरी काढून टाका." गाडी आमच्या वडिलांची, दुसरा पर्याय मनास रुचेना.

डॉक्टरांच्या पायरीवर पाय ठेवतांच पोटदुखी थांबावी, तसे कारखान्याच्या दारांत दिवे लख्ख लागत. एका कारागिरानें बल्ब बदलले, दुसऱ्यानें फ्यूज बदलला, तिसऱ्यानें बटणच नवें बसविलें. आणि प्रत्येकास आठ आठ दिवस यश आलें. धरसोडीच्या दुखण्याची गंमत ही, कीं त्यावर कोणतेंही औषध कांहीं दिवस लागू पडतें. कारण कांहींच न केलें तरी दिवे ते दिवस लागलेच असते!

चौथे मिस्त्री वयस्क होते. त्यांनीं पान्याला हात लावण्यापूर्वीं विचारलें, "सर, एक दिवा जातो, कीं दोन्ही एकदम?" प्रश्न साधा, पण अर्धें निदान त्यांतच होतें. एकच दिवा गेला तर दोष बहुधा त्याच्या बल्बांत किंवा जोडणींत; दोन्ही एकदम गेले तर दोष दोघांच्या सामायिक वाटेवर. मोटारींत वीज तारेनें दिव्याकडे जाते व गाडीच्या लोखंडी अंगांतूनच बॅटरीकडे परतते. जाण्याच्या वाटेकडे सर्वांचें लक्ष असतें, परतीच्या वाटेची चौकशी कोणी करीत नाहीं.

त्यांनीं मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोंकास व दुसरी दिव्यांच्या अर्थच्या तारेस लावली. दिवे बंद असतां आंकडा शून्य! प्रवाहच नसेल तर अडथळा दिसणार कोठून? दिवे लावून तारा हालवितांच मात्र 2 व्होल्ट दिसूं लागले. दोन्ही दिव्यांच्या अर्थच्या तारा एकाच स्क्रूखालीं होत्या, आणि पूर्वीं गाडी रंगवितांना तो स्क्रू रंगावरच आवळलेला होता. धातूचा स्पर्श काय तो स्क्रूच्या आट्यांपुरता, आणि तोही पुढें गंजानें खाल्लेला. व्होल्टेज शेंकडा 10 नें घटलें तर अशा बल्बचा प्रकाश शेंकडा 30 च्या सुमारास घटतो. दिवे कित्येक दिवस मंद कां वाटत होते, याचाही उलगडा झाला.

मिस्त्रींनीं रंग खरवडून पत्रा उघडा केला, स्क्रू आवळला, वर व्हॅसलीन फांसलें. दिवे प्रखर लागले. आम्ही पाकीट काढूं लागलों, तों ते म्हणाले, "थांबा सर, आतां बिघडवून दाखवितों." त्यांनीं स्क्रू सैल केला, तार हालविली, दिवे गेले, पुन्हां आवळला, दिवे आले. असें तीनदां झाल्यावरच त्यांनीं पैसे घेतले.

तर्कशास्त्राच्या पुस्तकांतून कार्यकारणभाव आम्हीं पुष्कळ वाचला आहे. पण दोष नाहींसा होणें निराळें आणि तो सांपडणें निराळें, हा भेद इतका स्वच्छ क्वचितच पाहिला. घरांतील कुरबूर, मुलाचा अभ्यास, संस्थेचा कारभार हीं सारीं आठ दिवस सुधारतात, आणि आपण उपायकर्त्याचा सत्कार करून मोकळे होतों. तो दोष मनांत येईल तेव्हां उत्पन्न करून पुन्हां नाहींसा करून दाखवा, असें म्हणण्याचें धैर्य किती जणांस होतें? गाडी आमच्या घरींच राहिली आहे. सौभाग्यवतींनीं तीनही वेळां दिवे जातांना व येतांना स्वतः पाहिले होते.