कोरे रकाने

आमच्या वडिलांनीं कोंकणांतील घराच्या अंगणांत पर्जन्यमापक बसविला होता. रोज सकाळीं साडेआठास पाणी मोजून ते वहींत आंकडा टिपीत. एका जुलैंत ते तापानें अंथरुणास खिळले, आणि मापनळी आम्हां पोरांच्या हातीं देण्यास ते तयार नसत. तीन रकाने कोरे राहिले. "अंदाजानें भरूं का?" असें आम्हीं विचारतांच ते जे रागावले, तो राग अद्याप स्मरतो.

२०१४ सालीं जपानांतील तानेगाशिमाहून उडालेला एक उपग्रह आज ४०० किलोमीटरांहून अधिक उंचीवरून पाऊस मोजतो. त्यावरील रडार खालीं लहरी सोडतें. प्रतिध्वनीस लागलेल्या वेळावरून थेंबांची उंची कळते, जोरावरून पावसाचें मान. पण थेंबाचा व्यास दुप्पट झाला कीं प्रतिध्वनि सुमारें ६४ पट होतो. चार मोठे थेंब शेंकडों लहानांस झांकून टाकतात! म्हणून लहरी दोन लांबींच्या योजिल्या आहेत. आंखूड लहरीस हलका पाऊस व हिमही दिसतें.

सह्याद्रीवर मात्र तें यंत्र फसतें. तेथील पाऊस पुष्कळदां ठेंगण्या ढगांतून पडतो, आणि डोंगराच्याच प्रतिध्वनींत जमिनीलगतचा थर बुडून जातो. शिवाय एका गांवावरून तें क्षणांत निघून जातें. मधले तास इतर उपग्रहांच्या साह्यानें व अनुमानानें भरावे लागतात. वडिलांस हें रुचलें नसतें.

त्याच तीन दिवसांत वरच्या वाडीवर दरड कोसळली होती. चौकशीस आलेल्या अंमलदारानें पाऊस किती झाला म्हणून विचारिलें, तेव्हां वडिलांनीं वही उघडून कोरे रकाने त्याच्यापुढें ठेविले.