विसरलेले शून्य

दसरा-दिवाळीच्या सुमारास आमच्याकडे कापूस फुटतो. तेव्हा मी चार दिवस आईबरोबर वेचणीला गेले होते. त्याच चार दिवसांत गुरुजींनी वर्गात मोठे भागाकार शिकवले. मी शाळेत आले तेव्हा फळा पुसलेला होता.

गुरुजींनी पाच गणिते घरी सोडवायला दिली. पहिले होते, 618 भागिले 6. मी उत्तर लिहिले 13. गुरुजींनी लाल फुली मारली व म्हणाले, "शून्य कुठे गेले?" मला काही समजले नाही. पण विचारायची लाज वाटली.

त्याच दिवशी संध्याकाळी आई आणि पाच बायका आमच्या ओट्यावर बसल्या होत्या. सहाजणींनी मिळून 183 किलो कापूस वेचला होता. किलोला 10 रुपये, म्हणजे 1830 रुपये झाले. आई म्हणाली, "माझी लेक चौथीत हाय. ती वाटण्या करंल." मी पाटी घेतली, भागाकार केला आणि सांगितले, "एकीला 35 रुपये."

सगळ्या बायका हसल्या. शेजारची काकू म्हणाली, "आगं, दिवसभराचं 35 रुपये? साळंत हेच शिकती व्हय? त्यापरीस वेचणीलाच आणत जा हिला." आई हसली नाही. ती खाली बघू लागली. मला रडू आले.

मग मला गुरुजींचे सांगणे आठवले. उत्तराला भाजकाने गुणून पाहावे. 35 गुणिले 6, झाले 210. कुठे 210 आणि कुठे 1830! मी पाटी पुसली आणि एकेक पायरी मोठ्याने म्हणू लागले.

1 ला 6 ने भाग जात नाही, म्हणून 18 घेतले. सहा त्रिक अठरा. वर 3 लिहिले, बाकी शून्य. पुढचे 3 खाली उतरवले. 3 हे 6 पेक्षा लहान, भाग जात नाही. मघाशी मी इथेच चुकले होते. वर काही न लिहिता पुढे गेले होते. भाग गेला नाही तरी वर 0 मांडायचे असते. नाहीतर शतकाचे 3 दशकाचे होऊन बसतात! मी 0 मांडले. मग शेवटचे 0 उतरवले, 30 झाले. सहा पंचे तीस. उत्तर आले 305. गुणून पाहिले, बरोबर 1830.

काकूने आपले पैसे दोनदा मोजले आणि म्हणाली, "आता बराबर हाय."

रात्री भाकरी थापताना आई म्हणाली, "उद्यापासनं वेचणीला येऊ नको. साळंत जा."

दुसऱ्या दिवशी मी 618 चे गणित पुन्हा सोडवले. उत्तर 103 आले. गुरुजींनी बरोबरची खूण केली.

मित्रमैत्रिणींनो, शाळा बुडाली तर गुरुजींना विचारायला लाजू नका. आणि शून्याला कधी विसरू नका.

इयत्ता 4 थी