परत आलेले बोचके



दशलक्षण पर्व संपले की आमच्या घरी कपाटे आवरायला निघतात. यंदाही निघाली. जुन्या साड्यांची चळत हातात घेतली आणि नेहमीसारखी क्षणभर थांबले. दरवर्षी थांबतेच. याचे कारण आहे ऑगस्ट २०१९ मधले एक बोचके.

सांगलीकरांना तो पूर सांगायला नको. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट, आणि त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. आमचे घर विश्रामबागेच्या बाजूला, त्यामुळे आम्ही कोरडे राहिलो. पण गावभागातली, नदीकाठची माणसे अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडली होती. जवळच्या एका शाळेत त्यांची सोय केली होती.

माझी लेक तेव्हा बारावीत, सायन्सला. अकरावीपासून ती राष्ट्रीय सेवा योजनेत होती. त्यांच्या सरांचा निरोप आला आणि ती निघालीच. मी म्हटले, "बारावीचं वर्ष आहे, लक्षात आहे ना?" ती म्हणाली, "आई, कॉलेज बंद आहे, क्लास बंद आहे. घरी बसून मी पाणी किती चढलं तेच बघत बसणार." यावर मला उत्तर सुचले नाही. मात्र मीही काही कमी नाही हे दाखवायला मी त्याच दुपारी कपाट रिकामे केले. फॉल सुटलेल्या साड्या, तोकडे झालेले पंजाबी ड्रेस, यांचे विटलेले शर्ट, एक जुनी चादर. मोठे बोचके बांधून तिच्या गाडीवर ठेवले. मनातून फार बरे वाटले. चातुर्मासात हातून दान घडले!

संध्याकाळी बोचके गाडीवरून परत आले.

"आई, हे तिथे नको आहे," ती हळूच म्हणाली. "अख्खा व्हरांडा असल्या कपड्यांनी भरलाय. वरून पाऊस लागतोय, वास यायला लागलाय. ते निवडण्यातच आमची चार मुलं अडकलीत."

"अगं, पण गरजेला काय झालं? चांगले कपडे आहेत."

"यातलं एक तरी तू अंगाला लावशील का? मग हे दान नाही आई, ही आपली साफसफाई आहे."

खरे सांगते, मला राग आला. सतरा वर्षांच्या पोरीने मला दान शिकवावे? आहारदान, औषधदान, शास्त्रदान, अभयदान ही चार दाने हिला पाठशाळेत जायच्या आधी मीच तोंडपाठ करून घेतली होती. मी बोलायचे ते बोलले. त्यात तिने जेवायलाही नकार दिला, कारण दिवस मावळला होता. चातुर्मासात रात्री न जेवण्याचा तिचा नियम. तिथे जेवणाची गाडी उशिरा आली, तिने लोकांना वाढले आणि स्वतः उपाशी घरी आली. ती तशीच झोपली, आणि मला रात्रभर झोप नाही.

सासूबाई सगळे ऐकत होत्या. सकाळी चहाच्या वेळी म्हणाल्या, "तिनं काय वाईट सांगितलं गं? लक्ष्मीबाईंची गोष्ट तूच तिला सांगितलीस ना?"

कर्मवीर भाऊराव पाटील आपल्याच समाजातले, कुंभोजला जन्मलेले. विद्यार्थी असताना ते कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहत. अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले आणि परत आल्यावर शुद्धीची आंघोळ करायला त्यांनी नकार दिला. त्यापायी त्यांना बोर्डिंग सोडावे लागले, असे आपण लहानपणापासून ऐकतो. पुढे १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांसाठी वसतिगृह उघडले. मुलांना जेवायला काही उरले नाही तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही दिले. ही गोष्ट सांगताना माझाच गळा भरून यायचा. आणि मी मात्र कपाटात नकोसे झालेले ते बांधून दिले होते.

त्या दिवशी मी स्वतः शाळेत गेले. लेक एका वर्गाच्या दाराशी वही घेऊन बसली होती. कपडे मागायला बायका यायच्या, पण समोर मुलगे दिसले की काही न बोलता परत जायच्या. हे हिच्या ध्यानात आले. तिने सरांना सांगून एक वर्ग फक्त बायकांसाठी मागून घेतला आणि तिथे मुलींनाच बसवले. मग वहीत खऱ्या गरजा उतरू लागल्या. पॅड, आतले कपडे, परकर, कंगवा, तान्ह्या बाळाला दुपटी, सतरंजी. साडीची मागणी सगळ्यात कमी! दुपारी ही यादी ती फोनवरून वाचून दाखवी आणि मदत पाठवू इच्छिणाऱ्यांना "एवढंच पाठवा" असे सांगे. घरी स्वतःचे ताट न उचलणारी माझी लेक तिथे दहा-बारा मुलामुलींना कामे वाटून देत होती, आणि तिच्याहून मोठी मुले ती निमूट करत होती.

मी घरी आले, बाजूला ठेवलेले भिशीचे पैसे काढले आणि यादी घेऊन दुकानात गेले. दुसऱ्या दिवसापासून पाच वाजता डबा पाठवायला लागले. तिच्या एकटीचा नाही, तिच्याबरोबरच्या सगळ्या मुलामुलींचा. मुगाची खिचडी, चपाती, चटणी. तिचा नियम मोडला नाही आणि बाकीची पोरेही वेळेवर जेवली. तेवढ्या दिवसांत मला जे समाधान मिळाले ते त्या बोचक्याने कधीच मिळाले नसते.

आता तुमच्या मनातला प्रश्न. अभ्यासाचे काय झाले? बारावीला तिला आम्ही धरले होते त्यापेक्षा थोडे कमी गुण पडले. पुरामुळे का, ते मला सांगता येत नाही. नातेवाइकांनी मात्र लगेच सांगितले, "समाजसेवा भोवली." मलाही दोन दिवस वाईट वाटले. पण आज ती नोकरी करते, परगावी एकटी राहते, आणि अडचण आली की आधी वही काढून यादी करते. ते तिला कुठल्या क्लासमध्ये शिकवले नव्हते.

म्हणून अकरावी-बारावीतल्या मुलांच्या आयांना माझे सांगणे एवढेच. राष्ट्रीय सेवा योजनेत दोन वर्षांत २४० तास काम करायचे असते. म्हणजे महिन्याला दहा तास, आठवड्याला अडीच तास. एवढा वेळ मोबाईलवर कुठे जातो ते कळतही नाही. पांजरपोळ असो, पाठशाळेत लहानांना शिकवणे असो की रक्तदान शिबिराची धावपळ असो, मुलांना जाऊ द्या. प्रमाणपत्रासाठी पाठवू नका, आणि त्यांच्या नियमांची काळजी असेल तर अडवण्यापेक्षा डबा द्या. परत आल्यावर आधी "किती वाजले?" न विचारता "काय बघितलंस?" एवढे विचारा.

ते बोचके पुढे मीच सोडले. चादरीची पायपुसणी झाली, साड्यांच्या गोधड्या शिवल्या आणि घरातच वापरल्या. यंदाच्या चळतीतून दोन साड्या अशा काढल्या आहेत, ज्या मला अजून नेसाव्याशा वाटतात. त्याच देणार आहे. पण आधी कोणाला काय हवे ते विचारून.

तुमच्या मुलांनी तुम्हाला असे काही शिकवले असेल तर जरूर कळवा.

जय जिनेंद्र.