दोन फूट सोडून

आमच्या मधुमालतीचं कौतुक करणारे पाहुणे थोड्या वेळानं एकच शंका काढतात. एवढी दणकट वेल, मग भिंतीवर का नाही चढवली? भिंतीपासून दोन फुटांवर लोखंडी अँगल रोवलेत, त्यांना तारा ताणल्यात आणि वेल सगळी तारांवर. मागं भिंत कोरी. मी सांगतो, तात्यांनी तसं लावून दिलंय. तात्या कोण हे सांगायला मात्र वेळ लागतो, म्हणून बहुतेकदा विषय तिथंच संपतो.

30 सप्टेंबर 1993. गणपती बोळवून लोक दमून झोपले होते, पहाटे चारच्या जरा आधी भूकंप झाला. नाव झालं किल्लारीचं, पण सास्तूरकडचा आमचा पट्टाही, म्हणजे तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा, त्याच धक्क्यात आडवा झाला. दोन्ही जिल्हे मिळून सुमारे आठ हजार माणसं गेली. धक्क्यापेक्षा घरांनी मारली असं म्हणायचं: दगड-मातीच्या जाडजूड भिंती आणि वर दरसाल माती टाकून टाकून जड झालेलं माळवद. उन्हाळ्यात हीच घरं इतकी गार असायची की दुपारी बाहेर पाऊल टाकू नये वाटायचं.

पुढं 52 गावं नव्या जागी वसवली. जमीन जेवढी त्या हिशेबानं 250, 400 किंवा 750 चौरस फुटांचं घर, रुंद सरळ रस्ते, डोक्यावर स्लॅब. आम्हाला 400 चं मिळालं, तेही पश्चिमेला तोंड करून. मे महिन्यात दर्शनी भिंतीला हात लावायची सोय नसायची. आईला दारापुढं काहीतरी हिरवं हवं होतं. तिनं एका मासिकाचं पान जपून ठेवलेलं: कुठल्याशा थंड मुलखातलं घर आणि पुढच्या भिंतीभर जांभळ्या-निळ्या फुलांचे हातभर लोंबते घोस. विस्टेरिया.

तात्या शेजारी राहायला आलेले. जुन्या गावात ते दुसऱ्या आळीत असायचे, ओळख अशी नव्हतीच. त्यांनी बरीच वर्षं सोलापूरला एका बंगल्यावर माळीकाम केलेलं. कागदावरचं चित्र बघून म्हणाले, “वैनी, ही येल म्या लावून बघितली हाय. पानं बख्खळ, फूल एक न्हाई. हिला कडाक्याची थंडी लागती. आपली थंडी हिच्या खिजगणतीत न्हाई.” निळंच पाहिजे असेल तर पेट्रिया लावा म्हणाले. ती मूळची मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडची, ऊन सोसते, होळीच्या आसपास निळीजांभळी होते. तिचं पान पॉलिशपेपरसारखं खरखरीत असतं. आईनं ते बोटांनी चोळून पाहिलं आणि नको म्हणाली. तिला वास हवा होता. अशी मधुमालती ठरली, संध्याकाळी पांढरी उमलणारी, मग गुलाबी आणि शेवटी लाल होणारी.

आईचं म्हणणं, पाच रोपं लावू, लवकर भरेल. तात्यांनी दोरीला दहा-दहा फुटांवर गाठी मारल्या. मधुमालती आधी झुडपासारखी गप्प बसते, काहीच करत नाही असं वाटतं. मग एकदा धुमारे सुटले की आवरत नाही. गळालेल्या पानांचे देठ वाळून काट्यासारखे टोकदार होतात, त्यांच्या आधारानं ती वर चढते. रोपं दाटीनं लावली तर दोन-तीन वर्षांत नुसतं जाळं, आत वाळलेला पाचोळा आणि त्यात विंचू. दोन फुटी खड्डे, त्यात शेणखत आणि मुरूम मिसळलेली माती, आणि आळं अर्धगोल, भिंतीच्या उलट्या अंगाला. आमची काळी माती पाणी प्याली की फुगते, सुकली की आकसते. जोत्यालगत रोज पाणी मुरवलं तर आज ना उद्या भिंतीला तडा जाणार. एखाद्या इंजिनिअरनं सांगावी अशी ही गोष्ट खरं तर माळ्यानं सांगितली.

पण दोन फुटांचं खरं कारण त्यांनी अँगल रोवताना सांगितलं. अँगल आमच्याच तात्पुरत्या पत्र्याच्या शेडचे होते. “येल भित्तीवर गेली की भेग झाकती. भेग दिसाय पायजे, लेकरा.” त्या दिवसांत गावातला प्रत्येक माणूस सकाळी उठून आधी भिंती बघायचा.

दाराजवळची मोकळी जागा किती ठेवायची, हे दोरीनं ठरलं नाही. तात्यांनी आमच्या वडिलांना आत नेऊन खाटेवर झोपायला लावलं. मग धाकटीला काखेत मारून पळत बाहेर या म्हणाले. “गुरुजी, अंधार हाय असं समजा.” वडील शाळेत कडक माणूस, पण मुकाट्यानं पळाले. दारातून बाहेर पडताना त्यांचा कोपर आणि धाकटीचे पाय जिथवर गेले, त्याच्याही पलीकडं तात्यांनी दोन्ही बाजूंना फक्की टाकली. दार तीन फुटांचं, जागा सुटली आठ फुटांची. म्हणून डावीकडं एकच वेल आणि उजवीकडं दोन. पाहुण्यांना हे बेढब वाटतं. मला सारख्या मापाच्या जोडकुंड्या बेढब वाटतात.

तात्यांचं स्वतःचं घर भरलेलं होतं. त्यातले ते एकटे राहिले. आत कोण कुठं सापडलं हे गावाला ठाऊक होतं, त्यांनी कधी काढलं नाही, आम्ही कधी विचारलं नाही. मजुरी घेतली नाही. आईनं धोतरजोडी आणली, ती परत केली. छाटणीच्या काटक्या तेवढ्या न्यायचे, चुलीला. थंडी सरताना छाटायची, कारण फूल नव्या फुटीवर येतं, हेही त्यांचंच. मी बारावीनंतर बाहेर पडलो, ते गेले तेव्हा गावात नव्हतो.

वेलीच्या मुळांना लांबवर फुटवे येतात. ते मी मागणाऱ्याला देतो, पण आधी त्याच्या दारात जाऊन उभा राहतो आणि आतून पळत ये म्हणतो. नवी पोरं हसतात, पळतात मात्र.

गेल्या उन्हाळ्यात अंगणात पेव्हर ब्लॉक बसवले. गवंडी खोडापर्यंत भिडवायला निघाला होता. मी आळ्याभोवती जागा सोडायला लावली आणि भिंतीकडची दोन फूटही मोकळी ठेवायला सांगितली. तो म्हणाला, एवढ्या जागेत अजून एक वेल बसती की. मी म्हटलं, बसते. तिथं मात्र काही लावायचं नाही.