रीसेट केलं तरी नावं राहायची

2003 साली नोकिया 1100 आला आणि बघता बघता निपाणीच्या तंबाखू वखारींपासून बेळगावच्या खडेबाजारापर्यंत ज्याच्या-त्याच्या खिशात दिसू लागला. पोरांनी खेळता खेळता भाषा, रिंगटोन भलतीच करून ठेवली, तर मेनूत जायचं, ‘रिस्टोअर फॅक्टरी सेटिंग्ज’वर यायचं आणि 12345 टाकायचं. सेटिंग मूळपदावर यायची, पण फोनबुकातली नावं जागची हलायची नाहीत. पन्नास फोनमध्ये, बाकीची सिममध्ये.

आम्हा सीमेवरच्यांना मात्र रीसेटनंतर एक काम असायचं. कोगनोळीच्या बाजूला फोन महाराष्ट्रातला टॉवर धरायचा आणि कर्नाटकातल्या सिमला रोमिंग लागायचं. कागलहून मामाचा फोन आला, तर उचलणाऱ्याचेही पैसे कटायचे. म्हणून जाणती माणसं नेटवर्क ‘मॅन्युअल’वर ठेवत आणि रीसेट केलं की आधी तेच तपासत. रोमिंगची ती धास्ती आता गेली, हे फार बरं झालं.

शिवाय घरोघरी लँडलाइनशेजारी डायरी असायची. कोल्हापूरचा 0231, बेळगावचा 0831, निपाणीचा 08338. आमच्या डायरीत आत्याचा नंबर आजोबांच्या मराठी अक्षरात आणि त्याच्याच खाली धाकट्या भावाच्या मित्राचा, शाळेत गिरवलेल्या कन्नड अक्षरात. पानांच्या कडा तंबाखूच्या हातांनी पिवळ्या पडलेल्या.

आता फोन अडकायला लागला की दुकानातला पोरगा विचारतो, “काका, बॅकअप घेतलासा काय? सगळं जातंय बघा.” काका मान हलवतात. पॉवर आणि व्हॉल्यूमची बटणं एकदम दाबली जातात आणि थोड्या वेळात फोन नव्यासारखा होतो. हल्लीच्या फोनमधली माहिती कुलूपबंद असते आणि रीसेट त्या कुलपाची किल्लीच नष्ट करतं, त्यामुळे गेलेला फोटो कुणालाच परत काढता येत नाही. वर फोन जुन्या गुगल खात्याचा पासवर्ड मागतो. 2015 पासूनची ही सोय चोराला अडवायला उत्तम आहे, पण तो पासवर्ड पुण्याला नोकरीला गेलेल्या मुलाने कधीतरी घातलेला असतो. काकूंचा शेवटचा व्हॉइस मेसेज त्या फोनमध्येच होता, हे काकांना घरी गेल्यावर आठवतं.

नव्या फोनची एक गोष्ट मला मनापासून आवडते. रीसेटनंतर तो आधी भाषा विचारतो. यादीत मराठी असते, कन्नडही असते. 1956 पासून जिथे भाषेचा प्रश्न लोंबकळत पडलाय, तिथल्या माणसाला कुणीतरी त्याची पसंती विचारावी, हे मला मोलाचं वाटतं.

सीमाभागातल्या माझ्या वाचकांना एवढंच सांगतो. रीसेट करण्याआधी वडीलधाऱ्यांचे फोटो आणि आवाज दुसऱ्या फोनवर घ्या, मेमरी कार्ड काढून ठेवा, गुगलचा पासवर्ड तपासा. आणि नंबरांची डायरी घरात पुन्हा सुरू करा.